माणसाचा व्यापार उचलीपासून सुरू होतो

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिव या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, लहान पोरं, सगळं बिऱ्हाड. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी थेट कर्नाटकात. पण व्यवहार त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच झालेला असतो. दवाखान्याचा खर्च, बियाणं, पोरीचं लग्न असं काहीतरी अंगावर आलेलं असतं आणि मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा कंत्राटदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देऊन जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यामागे पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त.

ही उचल पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची. तोडणीचा दर टनामागे साधारण साडेतीनशे-पावणेचारशे रुपये. दोघं पहाटे अंधारात फडात उतरली आणि गाडी भरून देईपर्यंत राबली, तर दिवसाला दीड-दोन टन होतात. एखादा दिवस ताप आला, बाई बाळंत झाली, तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी जातेच, वर खाड्याचा दंड उचलीत चढतो. हिशोबाची वही मुकादमाकडे. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा समजतं की एवढं करून अजून वीस-तीस हजार अंगावर आहेत. मग पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे जाणं आलं.

याला मानवी तस्करी म्हणायचं का? प्रत्येक उचलीला नाही. हजारो कुटुंबं दरवर्षी उचल घेतात, फेडतात, पुन्हा घेतात. उचल घेऊन न आलेल्या मजुरांमुळे बुडालेले मुकादमही गावोगाव भेटतील, आणि तो मुकादम स्वतःही बऱ्याचदा कारखान्याच्या किंवा वाहतूकदाराच्या पैशावर उभा असतो. तरीही मी या विषयाची सुरुवात इथून करतो. तस्करी म्हणजे रात्री तोंड दाबून पळवून नेणं, असं आपल्याला वाटत असतं. प्रत्यक्षात माणूस बहुतेक वेळा आपल्या पायांनी चालत जातो. त्याच्या डोक्यावर कर्ज असतं, पुढे कुणीतरी कामाचा शब्द दिलेला असतो, आणि परतीची वाट बंद झाल्याचं त्याला पोचल्यावर कळतं.

कायदा कुठे रेघ ओढतो ते बघू. सन २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक करार मंजूर केला. इटलीतल्या पालेर्मो शहरात त्यावर सह्या झाल्या म्हणून तो पालेर्मो करार या नावाने ओळखला जातो. आज जगातले बहुतेक सगळे देश त्यात आहेत. भारताने त्याला २०११ साली मान्यता दिली. त्यातल्या व्याख्येचा गाभा तीन प्रश्नांत सांगता येतो. काय केलं: माणसाची भरती केली, त्याला नेलं, ठेवून घेतलं, दुसऱ्याच्या हवाली केलं. कसं केलं: धाक घालून, फसवून, जबरदस्तीने किंवा त्याच्या नडीचा गैरफायदा घेऊन. कशासाठी केलं: त्याला पिळून काढण्यासाठी. तिन्ही प्रश्नांची उत्तरं जुळली की ती तस्करी.

या व्याख्येत सीमा ओलांडण्याची अट नाही. शेजारच्या तालुक्यातही तस्करी होते, आणि घरातून अंगणात न नेताही होऊ शकते. उलट पैसे घेऊन कुणाला चोरवाटेने परदेशात पोचवून देणं हा वेगळा गुन्हा आहे. तिथे सीमेपलीकडे गेल्यावर व्यवहार संपतो आणि माणूस मोकळा होतो. तस्करीत खरी कमाई पोचल्यानंतर सुरू होते. अर्थात चोरवाटेने निघालेला माणूस मध्येच कुणाच्या तरी ताब्यात सापडतो आणि चोरट्या प्रवासाचीच तस्करी होते, असंही सर्रास घडतं.

'पण तो तर स्वखुशीने गेला होता' हा युक्तिवाद पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत ऐकू येतो. फसवून, धाकाने किंवा नडीचा फायदा घेऊन मिळवलेल्या होकाराला या कायद्यात किंमत नाही. आणि माणूस अठरा वर्षांच्या आतला असेल, तर पालेर्मो करारानुसार दुसरा प्रश्न विचारायचाच नाही. फसवलं की नाही, हे सिद्ध करण्याची गरजच उरत नाही.

याचं एक जिवंत आणि फार जवळचं उदाहरण आहे. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली एक लहान मुलगी मेंढपाळाकडे राबल्यावर दगावली आणि मग चौकशीत एकेक मूल पुढे येऊ लागलं. आईबापांना काही हजार रुपये आणि एखादी मेंढी देण्याच्या बोलीवर मुलं मेंढ्यांमागे पाठवली गेली होती. 'आईबापांनीच तर दिली' असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. दिली हे खरं. पण मूल देण्याचा हक्क आईबापांनाही नाही. मुलाच्या बदल्यात पैसे मोजून त्याला राबायला नेणारा माणूस आईबापांचा होकार ढाल म्हणून पुढे करू शकत नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत 'जबरदस्ती' कशाला म्हणायचं, याचं भारतातलं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच दिलेलं आहे. दिल्लीत एशियाडसाठी स्टेडियमं, उड्डाणपूल बांधले जात होते आणि मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात कुणी काम करत असेल तर ते घटनेच्या कलम २३ खाली वेठबिगारीत मोडतं, कारण भूक आणि गरिबी हाही बळजबरीचाच प्रकार आहे. इतकं स्पष्ट आणि माणसाच्या बाजूचं वाक्य कायद्याच्या भाषेत क्वचित सापडतं. ऊसफडातला दिवसाचा हिशोब वर दिलाच आहे. दोघांच्या मिळून होणाऱ्या त्या मजुरीला माणसांच्या संख्येने आणि तासांनी भागून बघा, म्हणजे हा निकाल किती कमी ठिकाणी पोचलाय ते दिसेल.

रूपं अनेक, पकड तीच

लैंगिक शोषणासाठी होणारी तस्करी सगळ्यांना माहीत असते, कारण सिनेमा आणि बातम्या तिच्याभोवतीच फिरतात. कामाठीपुरा, बुधवार पेठ, नेपाळ आणि बंगालमधून आणलेल्या मुली. हे सगळं खरं आहे आणि आजही चालू आहे, फक्त आता ते ठरावीक गल्ल्यांमधून लॉज, भाड्याचे फ्लॅट आणि मोबाइलवर सरकलंय. पण तस्करी एवढ्यापुरती नाही. हरियाणात मुलींचं प्रमाण घटल्यावर आसाम, बंगाल, ओडिशातून पैसे देऊन नवऱ्या आणल्या जातात. त्यांना तिथे 'पारो' किंवा 'मोलकी' म्हणतात आणि त्यांच्यातल्या काहींना शेतमजुरीसाठी, काहींना पुन्हा विकण्यासाठी वापरलं जातं. शहरांत घरकामाला आणलेल्या आदिवासी मुली, सिग्नलवर भीक मागायला लावलेली मुलं, किडनीचे दलाल, वीटभट्ट्या, जरीकामाचे कारखाने. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत अडकलेली होती. अशा मजुरीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो, असं याच संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं.

आखातात पकड कर्जासोबत पासपोर्टची असते. तिथल्या कफाला पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. मालकाला न विचारता नोकरी सोडली की कामगार फरार ठरतो, मग पगार थकवला असो वा मारहाण झालेली असो. कतारने फुटबॉलच्या विश्वचषकाआधी जगभरातून टीका झाल्यावर २०२० मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली. कागदावर हा मोठा बदल आहे. पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात असेल तर कामगाराने तो बदल वापरायचा कसा?

सगळ्यात नवीन प्रकार मात्र शिकलेल्या मुलांना गिळतोय. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर जाहिरात येते: डेटा एंट्री, कस्टमर सपोर्ट, बँकॉकमध्ये पोस्टिंग, राहणं-जेवण फुकट. मुलाखत व्हिडिओ कॉलवर, इंग्रजी जेमतेम आलं तरी निवड पक्की. मुलगा टुरिस्ट व्हिसावर बँकॉकला उतरतो. विमानतळावर गाडी येते आणि सात-आठ तास पश्चिमेकडे जाऊन माए सोत या सीमेवरच्या गावी थांबते. तिथून लहानशी मोई नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावाडी. उंच भिंती, काटेरी तारा, बंदूकधारी पहारेकरी. पासपोर्ट काढून घेतला जातो आणि मुलाच्या हाती आणखी चार फोन दिले जातात. काम काय, तर लोकांना फसवायचं. खोटं प्रेम करून गुंतवणुकीत पैसे घालायला लावायचे, पोलीस बनून डिजिटल अरेस्टची धमकी द्यायची. ठरलेली रक्कम आली नाही की मार, विजेचे झटके, उपासमार. सुटायचं तर घरच्यांनी लाखो रुपये भरायचे, नाहीतर शेजारच्या कंपाउंडला विकलं जायचं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये अंदाज दिला की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशी अडकलेली असावीत.

म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाची पुंजी ज्या आवाजाने लुटली, तो आवाज कदाचित मारहाणीखाली बोलत होता. दोघांनाही लुटणारा तिसराच कुणीतरी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने सीमेपलीकडची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडलं, त्यानंतर हजारो माणसं बाहेर आली. मार्चमध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून दोन दिवसांत पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. परतलेल्या प्रत्येकाची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी, कारण काही जण दलालही असतात. पण जिवाच्या भीतीने ज्याला गुन्हा करायला लावलं त्याला आरोपी करू नये, हे तत्त्व आता जगभर मान्य होत आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे. आपल्याकडे असं कलम नाही, त्यामुळे सगळं तपास अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडलेलं आहे.

देश काय करतात

बहुतेक देशांनी पालेर्मोनंतर कायदे केले. अमेरिकेने स्वतःचा कायदा २००० साली केला आणि तेव्हापासून तिथलं परराष्ट्र खातं दरवर्षी इतर देशांना श्रेणी देतं. भारत बरीच वर्षं दुसऱ्या श्रेणीत आहे. या श्रेण्यांमध्ये राजकारण मिसळलेलं असतं हे उघड आहे, तरी त्या धाकाने अनेक सरकारांनी कायदे लिहिले हेही खरं. अमेरिकेच्या कायद्यातली मला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे: तस्करीतून सुटलेल्या परदेशी माणसाला तिथे राहण्याचा खास व्हिसा मिळतो. लगेच हाकलून देणार असाल तर कोण पोलिसांकडे येईल?

स्वीडनने १९९९ पासून शरीर विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, विकणाऱ्या बाईला नाही. नॉर्वे, आइसलँड, फ्रान्स त्याच वाटेने गेले. जर्मनीने उलट २००२ मध्ये या व्यवसायाला कायदेशीर काम मानलं. कुठल्या मार्गाने तस्करी खरंच घटते यावर अजून भांडण आहे आणि दोन्हीकडचे लोक अभ्यास पुढे करतात. आपल्याकडच्या वादात मला सांगलीतल्या बायकांचं म्हणणं आधी ऐकावंसं वाटतं. तिथे संग्राम संस्थेच्या कामातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की अल्पवयीन मुलीची सुटका करा, फसवून आणलेलीची करा, पण समजून-उमजून हे काम करणाऱ्या मोठ्या बाईला धाड घालून सुधारगृहात डांबणं म्हणजे सुटका नव्हे. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही अशा तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहातून मोकळं केलं. स्वतःचं काम निवडण्याचा हक्क सज्ञान बाईला आहे, असं न्यायालयाने तेव्हा नोंदवलं.

सगळ्या देशांत मला सर्वात शिकण्यासारखा वाटतो तो ब्राझील. तिथेही ऊस आहे, कंत्राटदार आहेत, आगाऊ रक्कम देऊन दूरच्या गरीब राज्यांतून मजूर आणणं आहे. १९९५ मध्ये तिथल्या सरकारने आपल्या देशात गुलामीसारखी मजुरी चालते हे उघडपणे मान्य केलं आणि फिरती पथकं तयार केली. कामगार निरीक्षक, सरकारी वकील आणि शस्त्रधारी पोलीस एकत्र जातात, स्थानिकांना खबर न देता. तेव्हापासून साठ हजारांहून जास्त मजूर सोडवले गेले. २००७ मध्ये पारा राज्यातल्या एकाच ऊसमळ्यातून हजारावर लोक बाहेर काढले. त्यांच्या दंडसंहितेत २००३ पासून गुलामीचा गुन्हा ठरायला बेड्या किंवा पहारा असण्याची गरज नाही. माणसाला राहायला प्लास्टिकचं पाल, प्यायला डबक्याचं पाणी आणि अंग मोडेपर्यंत काम, एवढंही पुरतं. सुटलेल्या मजुराला तीन महिने किमान वेतनाएवढा भत्ता मिळतो, म्हणजे दुसऱ्याच आठवड्यात त्याला नव्या कंत्राटदाराकडे हात पसरावा लागत नाही.

आणि मग 'घाणेरडी यादी'. दोषी ठरलेल्या मालकांची नावं सरकार जाहीर करतं. यादीत नाव आलं की सरकारी बँका कर्ज देत नाहीत, मोठे खरेदीदार माल घ्यायला कचरतात. तुरुंगापेक्षा या यादीला मालक जास्त भितात, याचा पुरावा म्हणजे २०१४ च्या अखेरीस बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने कोर्टातून ती अडवली आणि २०१७ पर्यंत ती प्रसिद्ध होऊ शकली नाही. यादी बिनदाताची असती तर तिच्याविरुद्ध एवढा खटाटोप कुणी केला नसता. ब्रिटनने मोठ्या कंपन्यांकडून फक्त निवेदन मागितलं, ते न दिल्यास फारसं काही होत नाही, आणि निवेदनं तशीच गुळगुळीत येतात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सक्तीच्या मजुरीतून बनलेला माल बाजारात येऊच द्यायचा नाही असा नियम केला आहे. तो २०२७ च्या अखेरीस लागू होईल.

आपल्या कायद्यात काय आहे

घटनेच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी दोन्हींवर बंदी घातली. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तर कर्जच रद्द केलं. वेठबिगारीत ठेवलेल्या मजुराला उचल परत करावी लागत नाही, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. २०१३ मध्ये, दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतरच्या बदलांत, तस्करीसाठी नवं कलम आलं. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ आहे. एका माणसाच्या तस्करीला सात ते दहा वर्षं, मुलाच्या तस्करीला किमान दहा वर्षं, आणि पोलीस किंवा सरकारी नोकर सामील असेल तर मरेपर्यंत जन्मठेप.

शिक्षा कडक आहेत. अडचण दुसरीकडे आहे. शोषणाच्या व्याख्येत शारीरिक आणि लैंगिक शोषण, गुलामगिरी, भीक मागायला लावणं, अवयव काढणं यांची नावं आहेत, सक्तीच्या मजुरीचं नाव नाही. ती 'शारीरिक शोषण' किंवा 'गुलामगिरीसारख्या प्रथा' या शब्दांत बसवावी लागते आणि बरेच ठाणेदार बसवत नाहीत. परिणामी एकाच घटनेचे दोन तुकडे होतात. पोलिसांकडचा तस्करीविरोधी कक्ष लॉज आणि कुंटणखान्यांवर लक्ष ठेवतो, वीटभट्टी आणि ऊसफड महसूल खात्याकडे जातात. २०२२ मध्ये साऱ्या देशात तस्करीचे साधारण सव्वादोन हजार गुन्हे नोंदले गेले. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा गुन्ह्याचा नसून आपल्या नजरेचा आहे, असं मला वाटतं. आणि जे आरोपी होतात ते मुकादम, दलाल, फार तर भट्टीमालक. ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो तो कारखाना 'मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे' म्हणून बाजूला राहतो. ब्राझीलने नेमकं याच जागी बोट ठेवलं.

आता हाताशी असाव्यात अशा काही गोष्टी. परदेशातल्या नोकरीसाठी टुरिस्ट व्हिसावर पाठवणारा एजंट सरळ नाकारा. एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं, आणि नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पासपोर्टची प्रत घरी ठेवून जा. मूल कुठे राबताना दिसलं तर १०९८, तातडीचं असेल तर ११२.

वेठबिगारीतून सुटका होत असेल तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांच्याकडून मुक्ती प्रमाणपत्र घ्यावं लागतं. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत तीस हजारांपर्यंत आहे. पुढची पुनर्वसनाची रक्कम पुरुषाला एक लाख, बाई आणि मुलाला दोन लाख, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकारात तीन लाख. मोठी रक्कम बहुतेक वेळा खटल्याच्या निकालाला जोडलेली असते, म्हणून ती वर्षानुवर्षं अडकते. तहसीलची माणसं मजुरांना त्याच संध्याकाळी एसटीत बसवून गावी पाठवायची घाई करतात. मालकाशी 'आपसात मिटवा' असाही सल्ला येतो. सोबत असणाऱ्याने तेव्हा हटून बसायचं असतं. प्रत्येक मजुराचा जबाब वेगळा घ्यायला लावा, बायकांचा आणि मोठ्या मुलांचाही, कारण नुसतं नवऱ्याचं नाव लिहून अख्खं कुटुंब एका प्रमाणपत्रात उरकलं जातं. आणि प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय गाडी सुटू देऊ नका. मजूर एकदा दुसऱ्या जिल्ह्यात पोचला की तो कागद मिळवायला त्याला पुन्हा त्याच तालुक्यात हेलपाटे घालावे लागतात, आणि त्या भाड्यासाठीही तो बहुतेक वेळा मुकादमाकडेच पैसे मागतो.